श्रीनगरची शालिमार बाग : जाण्याआधी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

काश्मीर सहलीच्या कार्यक्रमात बहुतेकदा एकच ओळ असते, 'मोगल गार्डन्स, अर्धा दिवस'. त्या अर्ध्या दिवसात तीन बागा, दल सरोवर आणि शालीच्या दुकानाची चक्कर उरकायची असते. त्यामुळे परत आलेल्या मंडळींना शालिमार कुठली आणि निशात कुठली हेही सांगता येत नाही. जाण्याआधी लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आमचा कल शालिमारकडे आहे, हे उत्तरांतून दिसेलच.

शालिमार बाग तर लाहोरला आहे ना?

तिथेही आहे. दिल्लीलाही आहे. श्रीनगरची सर्वांत जुनी, जहांगीर बादशहाच्या काळातली. लाहोरची शाहजहाननं 1641-42 मध्ये करवली आणि ती 1981 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दिल्लीची शाहजहानच्याच काळातली. औरंगजेबानं 1658 मध्ये स्वतःला पहिल्यांदा बादशहा जाहीर केलं ते त्या बागेत. आज दिल्लीत 'शालिमार बाग' म्हटलं की लोकांना वसाहत आठवते, बाग नाही. या पानावर जिथे नुसतं 'शालिमार' येईल तिथे श्रीनगरचीच समजा.

आणि राष्ट्रपती भवनातलं मोगल गार्डन, म्हणजे 2023 पासूनचं अमृत उद्यान, हे वेगळं प्रकरण आहे. ते विसाव्या शतकातलं, ल्युटेन्सच्या आराखड्यातलं.

ही बाग कोणी आणि कधी बांधली?

अकबरानं 1586 मध्ये काश्मीर जिंकलं, पण त्याच्या प्रेमात खरा पडला तो जहांगीर. त्यानं 1619 च्या सुमारास शालिमारचं काम सुरू करवलं. खालच्या भागाचं नाव फराहबख्श. पुढे 1630 मध्ये शाहजहानच्या कारकिर्दीत काश्मीरचा सुभेदार जफरखान यानं बाग वरच्या अंगाला वाढवली. तो भाग फैजबख्श.

इथल्या ओढ्याला बांध घालून पाणी खाली पाडण्याचं काम जहांगीरनं आपल्या मुलावर, खुर्रमवर सोपवलं होतं. हाच खुर्रम पुढचा शाहजहान. आधी पाण्याची सोय, मग इमारती, फुलं सगळ्यात शेवटी, असा इथला क्रम आहे. बाग बघतानाही तोच धरला तर ती लवकर कळते.

टप्प्यांची बाग म्हणजे नेमकं काय? आत काय बघायचं?

मोगलांची चारबाग आपल्याला ताजमहालमुळे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या बीबी-का-मकबऱ्यामुळे माहीत असते. सपाट जमीन, मधोमध इमारत किंवा हौद, चार दिशांना पाण्याचे पाट आणि त्यांनी पाडलेले चार चौकोन. काश्मीरमध्ये हे जसंच्या तसं जमण्यासारखं नव्हतं. इथे जमीन डोंगराकडे चढत जाते आणि पाणी वरून येतं. म्हणून कारागिरांनी पाण्याची एकच सरळ रेघ आखली, वरच्या टोकाला झरा किंवा ओढा, खालच्या टोकाला सरोवर, आणि त्या रेघेवर उताराचे टप्पे पाडले. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर पाणी उडी मारतं, माणसं पायऱ्यांनी जातात.

शालिमारची लांबी साधारण 587 मीटर आणि रुंदी 251 मीटर. टप्पे तीन. पहिला दिवाण-ए-आमचा, जिथे सामान्य माणसाला बादशहासमोर येता येई. दुसरा दिवाण-ए-खासचा, निवडक दरबाऱ्यांसाठी. याची मूळ इमारत राहिलेली नाही, दगडी चौथरा आहे. तिसरा आणि सर्वांत वरचा जनान्याचा, तिथे परक्या माणसाला प्रवेश नसे. या टप्प्याच्या तोंडाशी दोन छोट्या चौक्या अजून उभ्या आहेत, पहारेकऱ्यांच्या.

तिसऱ्या टप्प्यावर काळ्या दगडाची बारादरी, म्हणजे चहूबाजूंनी मोकळी, खांबांची बैठक आहे. आमच्या मते सगळ्या बागेत थांबावं असं ठिकाण हेच. चहूबाजूंनी हौद, हौदात कारंज्यांच्या रांगा, आणि मध्ये गुळगुळीत घोटलेले काळे खांब. भर दुपारीसुद्धा खांबाला हात लावला तर गार लागतो. मान वर करून छतही बघा. जुन्या रंगकामाची वेलबुट्टी दिसते, काही ठिकाणी उडालेली, काही ठिकाणी पुन्हा रंगवलेली. बहुतेक लोक बारादरीसमोर फोटो काढून मागे वळतात आणि छत बघायचं राहून जातं.

विजेचे पंप नव्हते, मग कारंजी उडायची कशी?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा.

उत्तर एका शब्दाचं आहे, उंची. बागेमागच्या हारवानकडच्या डोंगरातून ओढ्याचं पाणी वळवून सर्वांत वरच्या टोकाला आणलेलं असतं. काही पाणी उघड्या पाटातून वाहतं, ते आपल्याला दिसतं. कारंज्याचं पाणी बंद नळांतून खालच्या टप्प्यावर नेलेलं असतं. पाणी आपली पातळी गाठायला बघतं. वरच्या टप्प्याच्या उंचीचा दाब खालच्या तोटीशी येतो आणि तोंड सापडलं की पाणी वर उसळतं. घर्षणात थोडा जोर जातो, म्हणून ते मूळ पातळीइतकं उंच कधीच उडत नाही. दोन टप्प्यांत फरक जेवढा जास्त, तेवढं खालचं कारंजं जोमदार.

पुणेकरांना हे नवीन नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी दगडी भुयारी नळानं शहरातल्या हौदांत आणलं ते केवळ उतारावर, आणि शनिवारवाड्यातलं हजारी कारंजंही त्याच हिशोबानं उडत असे. (नाव हजारी असलं तरी तोट्या दोनशेच्या आतच आहेत.) संभाजीनगरच्या पाणचक्कीत दूरच्या झऱ्याचं पाणी नळानं आणून उंचावरून पाडलं आहे, तिथेही युक्ती हीच. शालिमारला याच युक्तीतून अख्खी बाग उभी केली.

एक गोष्ट जवळ जाऊन बघा. टप्प्यांच्या बागांमध्ये काही ठिकाणी पाणी सरळ न पाडता तिरप्या दगडी फरशीवरून घसरवलेलं असतं. या फरशीला 'चादर' म्हणतात. फरशी गुळगुळीत नसते. तिच्यावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी मुद्दाम कोरलेली असते. पातळसं पाणी प्रत्येक खवल्यावर आपटून फुटतं, पांढरं होतं आणि आवाज करतं. पाणी थोडं असलं तरी भरपूर वाटावं, यासाठीची ही कारागिरी. निशातमधला मधला पाट तर सुमारे चार मीटर रुंद आणि जेमतेम वीतभर खोल आहे. लांबून मात्र नदी वाहते आहे असं वाटतं.

धबधब्यामागे कोनाडे कशाला केलेत?

त्यांना चिनीखाना म्हणतात. पाण्याच्या पडद्यामागच्या भिंतीत छोट्या कमानींचे कोनाडे ओळीनं खोदलेले आहेत. रात्री त्यांत दिवे ठेवत आणि दिवसा फुलं. दिव्यांसमोरून पाणी पडत असताना काय दिसत असेल याची कल्पना करा. आता बाग संध्याकाळी बंद होते, त्यामुळे कोनाडे बहुधा रिकामेच, शेवाळलेले दिसतात. गाईड यावर भरभर बोलून पुढे जातो, तुम्ही जाऊ नका.

बादशहा बसायचा ती जागा कुठली?

पहिल्या टप्प्यावरच्या दिवाण-ए-आममध्ये. काळ्या दगडाचं आसन थेट वाहत्या पाटावर मांडलं आहे. पाणी आसनाखालून जातं आणि पुढच्या हौदात पडतं. काश्मीरचा उन्हाळा आपल्यासारखा नसला तरी जून-जुलैत ऊन चांगलंच लागतं, तेव्हा ही बैठक नुसत्या शोभेची नव्हती. समोर उभा राहून फिर्याद सांगणाऱ्याला पाण्याच्या आवाजात स्वतःचंच बोलणं कितपत ऐकू येत असेल, ही मात्र आमची शंका.

शालिमार आणि निशात, एकच बघायची तर कोणती?

डोळ्यांचं सुख हवं असेल तर निशात. बांधणी समजून घ्यायची असेल तर शालिमार.

निशात शाहजहानचा सासरा आसफखान यानं 1633 मध्ये बांधली. हा नूरजहानचा भाऊ आणि मुमताजमहलचा बाप. बाग बादशाही नाही, वजिराची आहे, म्हणून इथे दिवाण-ए-आम वगैरे भानगड नाही. टप्पे मात्र बारा, बारा राशींचे. खालचा सरोवराकडचा भाग पुढे रस्ता झाला तेव्हा तुटला. जबरवान डोंगराच्या पायथ्याशी असल्यानं चढ जास्त, आणि वरच्या टप्प्यावरून खाली बघितलं की बाग, रस्ता, दल आणि पलीकडे हजरतबल दर्ग्याचा पांढरा घुमट एका नजरेत येतो. शालिमार सरोवरापासून आत आहे, तिथून हा देखावा मिळत नाही. दोन्हींत अंतर चारेक किलोमीटरचं. शक्य असेल तर सकाळी शालिमार आणि उतरत्या दुपारी निशात असा क्रम ठेवा. डोंगर बागेच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी निशातचा फोटो काढताना सूर्य कॅमेऱ्यासमोर येतो. दुपारनंतर उजेड बागेवर पडतो आणि संध्याकाळी सूर्य सरोवरापलीकडे उतरतो.

शाहजहाननं रागावून निशातचं पाणी तोडलं होतं म्हणे?

ही काश्मीरमध्ये घरोघर सांगितली जाणारी कथा. शाहजहाननं निशात बघून तीनदा तोंडभरून कौतुक केलं, अपेक्षा अशी की सासरेबुवा म्हणतील, 'आपलीच आहे, घ्या.' आसफखान काही बोलला नाही. बादशहानं पाणी बंद केलं, कारण दोन्ही बागांना पाणी एकाच ठिकाणाहून येत होतं. बाग सुकली. आसफखान उदास होऊन झाडाखाली झोपला असताना एका निष्ठावान नोकरानं हुकूम मोडून पाणी सोडलं. आसफखान घाबरला, पण बादशहानं नोकराला माफ केलं आणि पाणी कायमचं चालू करून दिलं.

कथा शब्दशः घेऊ नये. पण पाण्याचा हक्क गेला की एवढी बाग निव्वळ दगडांची ओळ उरते, हे ती नेमकं सांगते. आपल्याकडच्या पाटकऱ्यांना आणि पाळीवरून भांडणाऱ्या शेतकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आम्ही गेलो तर कारंजी चालू असतीलच ना?

हमी नाही. हिवाळ्यात बंद असतात, आणि कोरड्या वर्षी ओढ्याला पाणी कमी असेल तर उन्हाळ्यातही जोर नसतो. एप्रिलअखेर ते सप्टेंबर हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. आणि कारंजं बंद असलं तरी निराश होऊ नका. पाट कोरडे असताना दगडातली नक्षी, तोट्यांची रांग आणि कोनाडे उलट जास्त स्पष्ट दिसतात.

कोणत्या महिन्यात जावं?

फुलं बघायची तर मे-जून. शाळेच्या सुट्ट्यांमुळे नेमकी तेव्हाच गर्दी असते आणि बागेत मराठी, गुजराती, बंगाली सगळं एकदम ऐकू येतं. एप्रिलमध्ये झाडांना कोवळी पालवी असते, हवा सकाळ-संध्याकाळ चांगलीच गार असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चिनार रंगतात. आधी पिवळे, मग तांबूस, मग लालभडक, आणि पायाखाली पानांचा थर. एकदाच जाणार असाल तर तेव्हा जा. फुलं कमी असतील, पण शालिमारमधले जुने चिनार बघायची वेळ तीच.

ट्युलिप इथेच असतात का?

नाही. ट्युलिपची बाग वेगळी आहे, जबरवानच्या पायथ्याशीच, पण 2007 साली सुरू झालेली. ती फक्त मार्चअखेर ते एप्रिल अशी महिनाभर खुली असते आणि तिचं तिकीटही वेगळं.

किती वेळ ठेवावा? सहल कंपनी अर्धा तास म्हणते.

अर्ध्या तासात पहिला टप्पा आणि एक कॉफी होते. दीड-दोन तास हवेत. गटाबरोबर असाल तर चालकाला आधीच सांगून ठेवा, बसमध्ये बसल्यावर सांगून उपयोग नसतो. आणि तरीही अर्धाच तास मिळाला तर वाटेत कुठेही न थांबता थेट काळ्या बारादरीपर्यंत जा आणि परतताना बघत या.

पोहोचायचं कसं?

लाल चौकापासून साधारण 15 किलोमीटर. दलच्या काठानं बुलेव्हार्ड रस्ता निशातवरून पुढे शालिमारला जातो. टॅक्सी, रिक्षा, शहर बस असे सगळे पर्याय आहेत. मुंबईहून श्रीनगरला थेट विमानं आहेत. जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली आहे, त्यामुळे वैष्णोदेवी करून पुढे येणाऱ्यांची सोय झाली.

बादशहा रस्त्यानं येत नसे. सरोवरातून बागेपर्यंत दीडेक किलोमीटरचा कालवा होता, त्यातून नावेनं येई. औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर 1665 मध्ये काश्मीरला गेलेल्या फ्रेंच प्रवासी बर्नियेनं त्या कालव्याच्या दोन्ही काठांची हिरवळ आणि झाडांच्या रांगा वर्णिल्या आहेत. आज आपण गाडीतून उतरून तिकीट खिडकीशी उभे राहतो. तेव्हाचा थोडा अनुभव हवा असेल तर निशातला शिकाऱ्यानं जाता येतं. भाडं आणि वेळ दोन्ही बसण्याआधी पक्कं करा.

तिकीट किती? वेळा काय?

तिकीट किरकोळ आहे, दर बदलत राहतात. खिडकीवर फलक असतो. बाग सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उघडते आणि संध्याकाळी बंद होते. देखभाल जम्मू-काश्मीरच्या पुष्पोत्पादन विभागाकडे आहे. शुक्रवारी दुपारी आणि रविवारी स्थानिक कुटुंबं सतरंज्या, डबे आणि चहाचा समोवार घेऊन येतात. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. माणसं बघायला आवडत असतील तर मुद्दाम तेव्हाच जा.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

शालिमार जमेल. चढ हळू आहे, पायऱ्या थोड्या, आणि मध्ये हिरवळीवर बसायला भरपूर जागा. निशातला पहिल्या दोन-तीन टप्प्यांवर थांबवा, वर तुम्ही जाऊन या. चश्मेशाही आणि परीमहाल या इथल्याच आणखी दोन मोगल बागा. चश्मेशाहीच्या पायऱ्या उभ्या आहेत. परीमहालपर्यंत गाडी जाते, पण आत पुन्हा टप्पे आहेतच. श्रीनगर सुमारे 1,585 मीटरवर आहे, म्हणजे श्वासाचा त्रास होण्याइतकी उंची नाही.

मुलं पाण्यात उतरली तर चालेल का?

स्थानिक मुलं उतरतात, रखवालदार शिट्टी वाजवतो, मुलं बाहेर येतात, शिट्टी थांबली की परत उतरतात. तुमच्या मुलांना तरी उतरवू नका. दगड शेवाळलेले आहेत, आणि चादरीच्या कडेला पाय घसरला तर खालच्या टप्प्यापर्यंत जायला वेळ लागत नाही.

बाहेर खायला काय मिळतं? शाकाहारी आहोत.

फाटकाबाहेर नद्रू मोंजे मिळतात. म्हणजे कमळकाकडीचे काप पिठात बुडवून तळलेले. गरम असतानाच खावेत. मसालेदार वाटाण्याचं सारण रोटीत गुंडाळून वर चटणी घातलेला एक प्रकारही गाड्यांवर असतो, पोटभरीचा आणि स्वस्त. कहवा सगळीकडे. पूर्ण जेवणासाठी शहरात परत या.

फेरन (काश्मिरी घोळदार अंगरखा) घालून फोटो काढतात ते लोक मागे लागतात. काय करावं?

हौस असेल तर काढा, मजा येते. फोटो किती, प्रती किती, पैसे किती हे आधी ठरवा. नको असेल तर एकदा हसून 'नको' म्हणा आणि चालू लागा. थांबून घासाघीस केली की तुम्ही गिऱ्हाईक झालात. बागेबाहेर हातात डबी घेऊन विकलं जाणारं केशर मात्र घेऊ नका.

फोन चालेल का?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. पोस्टपेड चालतं. घरात कोणा एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या.

सध्या जाणं सुरक्षित आहे का?

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळ बैसरनला झालेल्या हल्ल्यात 26 जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्यानंतर अनेक पर्यटनस्थळं बंद केली होती, ती टप्प्याटप्प्यानं उघडली. निघण्याच्या आठवड्यात पर्यटन विभागाची ताजी सूचना बघा आणि हॉटेलवाल्याला फोन करून कोणती बाग खुली आहे ते विचारा. तपासणीत बॅगा उघडाव्या लागतात, त्याचा वेळ धरून निघा. निर्णय घरच्यांनी मिळून घ्यावा. जे या वर्षी नको म्हणतात त्यांना भित्रं ठरवू नये.

ही जागतिक वारशाच्या यादीत आहे का?

अजून नाही. 2010 पासून संभाव्य यादीत आहे, आणि एकटी नाही, काश्मीरच्या सहा मोगल बागा मिळून: शालिमार, निशात, चश्मेशाही, परीमहाल, वेरीनाग आणि अछाबल.

उरलेल्यांपैकी कोणती चुकवू नये?

वेरीनाग. श्रीनगरपासून लांब, अनंतनाग जिल्ह्यात, बनिहालच्या पायथ्याशी. म्हणून सहलींच्या यादीत ती नसते. तिथे झेलमचा उगम मानला जाणारा झरा जहांगीरनं 1620 च्या सुमारास अष्टकोनी हौदात बांधून घेतला. भोवती कमानींची ओवरी, मध्ये निळंहिरवं, तळ न दिसणारं पाणी, त्यात फिरणारे मासे. जहांगीर 1627 मध्ये काश्मीरहून परतताना वाटेत वारला. आपल्याला वेरीनागला पुरावं अशी त्याची इच्छा होती असं सांगतात, पण देह लाहोरला नेला गेला. जम्मूहून रस्त्यानं येत असाल तर बोगदा ओलांडल्यावर फाटा लागतो. श्रीनगरहून मुद्दाम जायचं तर अछाबलही जोडून घ्या. तिथलं पाणी इतक्या जोरानं येतं की कारंजी आहेत हे आधी लक्षातच येत नाही. दोन्ही मिळून पूर्ण दिवस लागतो. गाडी सकाळी सातलाच सांगा, कारण अनंतनागच्या बाजारात गाड्या तुंबतात.